धरणकाठची स्प्रिंट ट्रायथलॉन : अडीच हजारांच्या प्रवेश शुल्कात काय मिळाले

दक्षिण महाराष्ट्रातील एका धरणाच्या जलाशयावर डिसेंबरमध्ये स्प्रिंट ट्रायथलॉन भरते. यंदा हौशी स्पर्धक म्हणून मी तिच्यात उतरले आणि ती पूर्ण केली. आयोजक ही एक लहानशी स्थानिक संस्था आहे. तिचे नाव येथे घेत नाही, कारण जे खटकले ते तिला लेखी कळवले आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गोष्टी आपल्याकडच्या इतर स्पर्धांतही तशाच आढळतात. प्रवेश शुल्क अडीच हजार रुपयांच्या घरात होते. तेवढ्या पैशांत काय मिळाले, काय मिळायला हवे होते आणि पहिल्यांदाच ट्रायथलॉन करू पाहणाऱ्याने तेथे जावे की नाही, एवढ्यापुरते हे परीक्षण आहे.

स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे हे तिन्ही टप्पे सलग पूर्ण करायचे असतात, आणि मध्ये कपडे-बूट बदलण्यात जाणारा वेळही एकूण वेळेतच धरला जातो. २००० साली सिडनीत ट्रायथलॉनचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला, ती याच्या बरोबर दुप्पट अंतराची. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये पोहणेच १.९ किलोमीटर असते, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. आमच्या भागातल्या डॉक्टर, वकील, व्यापारी मंडळींत अलीकडे त्या लांब पल्ल्याचे एवढे वेड आहे की स्प्रिंटला काही जण सरावाचा भाग समजून हसतात. मला ते पटत नाही. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यातून चार-पाच दिवस तासभर व्यायाम करणाऱ्या माणसाला मन लावून उतरता येईल असे हेच अंतर आहे, आणि त्याचे प्रवेश शुल्कही त्या मोठ्या स्पर्धांच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असते.

या शुल्कात आपण नक्की काय विकत घेतो, हे आधी ठरवले म्हणजे परीक्षण सोपे जाते. टी-शर्ट, पदक आणि फुग्याची कमान कोणीही आणू शकतो. सामान्य माणसाला एकट्याने जमत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या आहेत : धरणाच्या पाण्यात उतरण्याची परवानगी आणि तेथे कोणीतरी आपल्यावर सतत ठेवलेली नजर, सायकलसाठी निदान अर्धा मोकळा रस्ता, आणि विश्वास ठेवावा अशी वेळेची नोंद. या तीनपैकी पहिल्या बाबतीत ही स्पर्धा उत्तम ठरली, दुसऱ्या बाबतीत कमी पडली आणि तिसऱ्या बाबतीत तिने निराशा केली.

नोंदणी ऑनलाइन होती आणि त्यात त्रास काही झाला नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले होते आणि ते खरोखर तपासलेही गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी गावातल्या मंगल कार्यालयात बिब (अंगावर लावायचा क्रमांकाचा कागद), टोपी आणि घोट्याला बांधायची, वेळ नोंदवणारी चिप यांचे वाटप झाले. ते त्याच वेळी स्वतः येऊन घ्यायचे, अशी अट असल्यामुळे बाहेरगावच्या स्पर्धकांना एक मुक्काम अटळ होता, आणि परिसरात राहण्याची सोय बेताचीच आहे. आयोजकांची बाजू अशी की सायकलची तपासणी तेव्हाच करायची असते, आणि ती तपासणी पाहिल्यावर माझा आक्षेप बराच सौम्य झाला. एक मिस्त्री प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून पाहत होता आणि हँडलच्या टोकांना बुचे आहेत की नाही हे बोटाने चाचपत होता. ज्यांच्या सायकलला बुच नव्हते त्यांना त्याने जागच्या जागी बसवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. उघडी नळी पडताना पोटात घुसू शकते, म्हणून हा नियम आहे. तो कागदावर सगळीकडे असतो, पाळला मात्र क्वचितच जातो.

त्यानंतरची नियमांची माहिती पूर्णपणे मराठीत दिली गेली. हे मुद्दाम नोंदवते, कारण अशा सभांत इंग्रजीचा एवढा भडिमार असतो की तालुक्याच्या गावातून आलेला, चांगला पोहणारा मुलगा मागच्या खुर्चीत गप्प बसून राहतो. येथे तशाच एका मुलाने, पाण्यात मध्येच दम लागला आणि बोया (मार्ग दाखवण्यासाठी पाण्यात तरंगत ठेवलेली खूण) धरला तर बाद करणार का, असा प्रश्न मोकळेपणाने विचारला. उत्तरही अचूक मिळाले : वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार बोया किंवा उभी असलेली नाव धरून विश्रांती घेता येते, तिच्या आधाराने पुढे सरकता मात्र येत नाही. पोहण्याची पद्धतही कोणतीही चालते. हे उत्तर ऐकून सभागृहातल्या अर्ध्या लोकांचे खांदे सैल झाल्याचे मला दिसले.

डिसेंबरची निवड योग्य आहे. पावसाळ्यात आलेला गाळ तोपर्यंत खाली बसलेला असतो, जलाशय अजून भरलेला असल्याने काठापासून फार चिखल तुडवावा लागत नाही, आणि पहाटे हवा बोचरी असली तरी पाणी तिच्यापेक्षा उबदार लागते. त्या दिवशी काठावरच्या फळ्यावर खडूने पाण्याचे तापमान २४ अंश असे लिहिले होते. हौशी स्पर्धकांना या अंतरासाठी २२ अंशांच्या वर वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) वापरता येत नाही, त्यामुळे महागडा वेटसूट आणलेल्या दोघा-तिघांना तो तसाच पिशवीत ठेवावा लागला. आपल्याकडच्या पाण्यासाठी तो घेण्याच्या फंदात कोणी पडू नये.

पाण्यातली व्यवस्था हा या स्पर्धेचा सर्वांत भक्कम भाग होय. पुरुष, स्त्रिया आणि रिले असे वेगवेगळ्या रंगांच्या टोप्यांचे गट काही मिनिटांच्या अंतराने सोडले गेले, त्यामुळे एकमेकांच्या लाथा खाण्याचा प्रकार कमी झाला. प्रत्येकाच्या कमरेला नारिंगी हवाभरला फुगा दोरीने बांधणे सक्तीचे होते. मार्ग त्रिकोणी होता आणि त्याच्या बाहेरच्या बाजूने कयाक (वल्ह्याच्या लहान, अरुंद होड्या) फिरत होते. त्याखेरीज याच जलाशयात मासेमारी करणारे स्थानिक लोक आपापल्या होड्या घेऊन ठरावीक जागी उभे होते. ही कल्पना ज्याची असेल त्याचे कौतुक केले पाहिजे, कारण वारा कोठून येतो आणि कोठे बुडालेली झाडे आहेत हे त्यांच्याइतके बाहेरून आणलेल्या जीवरक्षकाला कधीच कळणार नाही.

पहिल्या बोयाच्या थोडे अलीकडे माझ्या डावीकडचा एक स्पर्धक अचानक थांबला. त्याचे तोंड पाण्याच्या वर होते, पण श्वास आत जात नसावा, फक्त बाहेर पडत असावा, असा आवाज येत होता. त्याने हात वर केला. मी दोन-तीन हात मारून पुन्हा मान वळवली तोवर कयाक त्याच्याजवळ पोहोचलेला होता आणि तो कयाकचे टोक दोन्ही हातांनी धरून होता. कयाकवरची मुलगी त्याला काहीही सांगत नव्हती, ‘चला’ही नाही आणि ‘थांबा’ही नाही, ती नुसती वल्हे आडवे धरून बसली होती. नंतर सायकलच्या मार्गावर तो मला समोरून येताना दिसला, म्हणजे त्याने पोहणे पूर्ण केले होते. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनमधील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास झाला होता, त्यांपैकी ९० घटना पोहण्याच्या टप्प्यातल्या होत्या. त्यामुळे आयोजकाने कोठेही काटकसर केली तरी पाण्यात करू नये, आणि या संस्थेने ती केलेली नाही.

पाण्यातल्या दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात. मार्गाचे बोयेही नारिंगी होते आणि स्पर्धकांच्या कमरेचे फुगेही नारिंगीच. पाण्याच्या पातळीवरून पाहणाऱ्याला दूरचा मोठा बोया आणि जवळचा लहान फुगा सारखेच दिसतात, त्यामुळे माझ्या पुढचे चार-पाच जण एका संथ पोहणाऱ्याच्या फुग्यालाच बोया समजून बरेच आत गेले आणि होडीवाल्यांनी ओरडून त्यांना परत वळवले. बोये पिवळे ठेवले की हा प्रश्न सुटतो. दुसरे म्हणजे परतीची बाजू थेट पूर्वेकडे होती आणि त्या वेळी सूर्य नुकताच डोंगरावर आलेला होता. तलावात टाइल्सवरच्या काळ्या रेघेच्या आधाराने पोहायची सवय असलेल्यांना उघड्या पाण्यात मान वर काढून दिशा पाहणे आधीच अवघड जाते. तेथे समोर नुसता लखलखाट असेल तर ते आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे होते. त्रिकोण उलट्या दिशेने ठेवला असता तर तेवढ्याच खर्चात हे टळले असते.

पाण्यातून बाहेर आल्यावर सायकलींपर्यंतची वाट बाभळींमधून जाते. आयोजकांनी ती झाडून घेऊन वर काथ्याची मॅटिंग अंथरली होती. अनवाणी पायांनी धावताना ती टोचते खरी, पण खालचा काटा टायरमध्ये किंवा तळव्यात जाण्यापेक्षा ती परवडली. सायकली लावायच्या जागेला सगळे इंग्रजी शब्दानेच ट्रान्झिशन म्हणतात. तेथे परांचीच्या लोखंडी पाइपांचे स्टँड उभारून प्रत्येक जागेवर बिबचा क्रमांक चिकटवला होता. जागा ऐसपैस होती. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही, हा नियम स्वयंसेवक मुलांनी एवढ्या नेटाने पाळायला लावला की माझ्या शेजारच्या एका वजनदार गृहस्थांना (वजन समाजातले, शरीराचे नव्हे) अकरावी-बारावीतल्या एका मुलीने ‘काका, आधी पट्टा’ असे म्हणून सायकल पुन्हा जागेवर ठेवायला लावली. काकांनी निमूटपणे ठेवली. सायकलवर बसण्याची रेघ फक्कीने आखलेली होती, आणि तिच्याजवळ उभा असलेला मुलगा प्रत्येकाला ती हाताने दाखवत होता. स्पर्धेनंतर सायकल बाहेर नेताना बिब आणि सायकलवरचा क्रमांक जुळवून पाहिला जात होता. लाखाच्या वरच्या सायकली उघड्यावर ठेवायच्या असतात तेथे ही साधी दक्षता फार महत्त्वाची आहे.

सायकलच्या मार्गाबद्दल मात्र चांगले लिहिणे कठीण आहे. रस्त्याचा पृष्ठभाग ठीक होता आणि चढ-उतार सोसण्याजोगे होते. अडचण वाहतुकीची होती. रस्ता एका बाजूने बॅरिकेड लावून स्पर्धकांसाठी राखला होता, पण हे दिवस ऊस गाळपाच्या हंगामाचे असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, उसाने दोन्ही बाजूंना फुगलेला ट्रॅक्टर समोरून येतो तेव्हा अर्धा रस्ता त्याला पुरत नाही, आणि बॅरिकेड संपताच तो आपल्या बाजूला सरकतो. चालकाचा त्यात काही दोष नाही. कारखान्याच्या रांगेत नंबर लावायची त्याला घाई असते आणि स्पर्धेची त्याला कोणी कल्पनाही दिलेली नसते. तारीख बदलता येत नसेल, तर निदान त्या सकाळचे दोन तास ट्रॅक्टर दुसऱ्या रस्त्याने वळवण्याविषयी कारखान्याशी आधी बोलणी व्हायला हवीत. चौकांत पोलीस आणि होमगार्ड होते आणि त्यांनी आपले काम चोख केले, पण शेतातून रस्त्यावर येणाऱ्या वाटांवर कोणीच नव्हते.

वळणाची जागाही चुकीची निवडली होती. रस्त्याच्या मधोमध एक पिंप ठेवून त्याला पूर्ण वळसा घालायचा होता आणि कडेला खडी पसरलेली होती. पातळ टायरच्या सायकली तेथे घसरत होत्या. माझ्यासमोर एक जण पडला, सुदैवाने कोपर खरचटण्यावर निभावले. शिवाय दोन फेऱ्यांची मोजणी त्या वळणावर बसलेला एक मुलगा वहीत पेनाने करत होता, आणि एकाच वेळी पाच-सहा जण आले की त्याची धांदल उडत होती. समोरच्या सायकलच्या मागे चिकटून हवेचा रोध वाचवण्याला हौशी गटांत सहसा बंदी असते. दोन सायकलींत १० मीटर अंतर ठेवायचे आणि पुढे जायचे असेल तर २० सेकंदांत जायचे, असा नियम आहे. आदल्या संध्याकाळी तो सांगितला गेला, पण प्रत्यक्षात मोटरसायकलवरचा एकही पंच मला दिसला नाही. परिणामी दिंडी चालावी तसे एकामागोमाग एक असे जथेच्या जथे निघाले होते, आणि नियम पाळून एकटे जाणारे वाऱ्याला तोंड देत मागे पडत होते. अंतरही पूर्ण भरले नाही. माझ्या सायकलच्या मीटरवर आणि सोबतच्या कित्येकांच्या घड्याळांवरही ते १९ किलोमीटरच्या आतच आले. पोहण्याच्या अंतराबद्दल मी असे बोलणार नाही, कारण मनगट पाण्याखाली गेले की घड्याळाला उपग्रहाचा संकेत मिळत नाही आणि त्याचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. रस्त्यावर मात्र तशी सबब चालत नाही.

धावण्याचा मार्ग कालव्याच्या कडेने जाणारा, सपाट आणि बराचसा सावलीतला होता. सायकलवरून उतरल्यावर पहिला एक किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत, त्यामुळे सुरुवात सपाटीवर ठेवली हे बरे झाले. पाण्याची टेबले पुरेशी होती. लिंबू, गूळ आणि मीठ घातलेले सरबत स्टीलच्या पेल्यांत दिले जात होते, आणि रिकामे पेले टाकायला पुढे टोपल्या ठेवल्या होत्या. प्लास्टिकच्या पेल्यांचा कचरा कालव्यात गेला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानते.

आता निकालाविषयी. घोट्याला चिप बांधून घेतल्यावर स्पर्धकाची अपेक्षा असते की पोहणे, पहिला बदल, सायकल, दुसरा बदल आणि धावणे अशा पाचही वेळा वेगळ्या मिळतील. येथे नोंद घेणाऱ्या चटया फक्त पाण्याच्या काठावर आणि अखेरच्या रेषेवर होत्या, त्यामुळे मिळाली ती पोहण्याची वेळ आणि बाकी सगळ्याची मिळून एक वेळ. पुढच्या वर्षी नेमके कोठे सुधारायचे हे त्यावरून कळत नाही. वळणावरच्या वहीत नोंद न सापडल्यामुळे काही जणांना एक फेरी कमी केल्याच्या संशयावरून बाद ठरवले गेले. त्यांनी आपल्या घड्याळातली नोंद दाखवल्यावर नावे परत आली खरी, पण तोवर बक्षिसे वाटून झाली होती. वळणावर आणखी एक चटई ठेवली असती तर हा सारा वाद झालाच नसता. तिचे भाडे फुग्याच्या कमानीपेक्षा जास्त असेल, असे मला वाटत नाही.

गटांच्या विभागणीबद्दल माझी नाराजी अधिक आहे. पुरुषांसाठी वयानुसार चार गट होते आणि स्त्रियांसाठी सर्व वयांचा मिळून एकच. आंतरराष्ट्रीय पातळीवर हौशी स्पर्धकांचे गट पाच-पाच वर्षांचे असतात आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला असणारे वय धरले जाते. स्त्री-पुरुष दोघांनाही तेच लागू असते. स्त्रियांची संख्या कमी आहे, हे आयोजकांचे उत्तर मला माहीत आहे. परंतु पन्नाशीच्या बाईला कॉलेजमधल्या जलतरणपटू मुलीबरोबर एकाच यादीत बसवले तर ती संख्या वाढणार कशी, याचा विचारही त्यांनीच करायचा आहे. निदान ‘चाळीस वर्षांखालील’ आणि ‘चाळीस वर्षांवरील’ असे दोन गट तरी व्हावेत. कपडे बदलण्यासाठी स्त्रियांना कापडी आडोसा दिला होता, पण त्याला आतून बंद करायची सोय नव्हती, म्हणून आम्ही आळीपाळीने बाहेर पहारा देत होतो. फिरती शौचालये स्वच्छ होती; सकाळी सहाला मात्र त्यांच्यासमोर लांब रांग होती.

स्पर्धेनंतर उप्पीट, केळी आणि चहा मिळाला. उप्पीट गरम होते आणि दुसऱ्यांदा मागितले तरी कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत.

एवढे सगळे धरून माझे मत असे की पहिली ट्रायथलॉन करणाऱ्यासाठी ही स्पर्धा निवडण्याजोगी आहे, मात्र क्रमांकासाठी आणि वेळेसाठी झगडणाऱ्याने येथे यावे असे मी सुचवणार नाही. ज्याला तलावात न थांबता आणि भिंत न धरता ७५० मीटर सावकाश का होईना पोहता येते, त्याला येथल्या पाण्यात भीती वाटण्याचे कारण नाही; एकूण वेळेची मर्यादाही सैल आहे. ज्याला पंचवीस मीटरनंतर काठ धरावा लागतो त्याने बोया धरण्याच्या सवलतीवर विसंबून येऊ नये. अशांसाठी तिघांनी मिळून करायची रिले आहे आणि तिचे शुल्क माणशी बरेच कमी पडते. सायकल कोणतीही चालते. गियरच्या साध्या सायकलवर येणारे बरेच जण होते आणि त्यांच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहिले नाही, पण खडीचे वळण लक्षात घेता पातळ टायरवाल्यांनी तेथे वेग चांगलाच उतरवावा. बिब कमरपट्ट्याला लावावा, म्हणजे सायकलवर तो पाठीमागे आणि धावताना पुढे फिरवता येतो. पिनांनी टोचलेला बिब पाण्यातून आल्यावर फाटतो. उन्हाचा चष्मा असो नसो, पोहण्याचा चष्मा मात्र गडद काचेचा न्यावा. पूर्वेकडची ती बाजू अजून तशीच असेल तर तो उपयोगी पडेल.

नोंदणी ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. दुखापत झाल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतो, पण ते स्पर्धेच्या महिनाभर आधी कळवावे लागते. पैसे परत मिळत नाहीत आणि नाव दुसऱ्याच्या नावावर करून घेता येत नाही.